हार्वे वादळानंतर चर्चच्या लोकांनी आमचं घर उपसून दिलं, त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ह्यूस्टन, टॅम्पा, शार्लट, कुठेही हरिकेनच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी हे लिहितेय, कारण चर्चची मदत म्हटलं की आपल्यातले बरेच जण दोन गोष्टी धरूनच चालतात. एक म्हणजे ती त्यांच्या मेंबर लोकांनाच मिळते आणि दुसरी म्हणजे बदल्यात येशूबद्दल तासभर ऐकून घ्यावं लागतं. आमच्या बाबतीत दोन्ही खोटं निघालं. आणि या समजापायी आमच्या ओळखीतली दोन-तीन घरं मदत न मागता ओल्या भिंतींत बसून राहिली, बुरशी छतापर्यंत चढली, मग तेच काम कॉन्ट्रॅक्टरला हजारो डॉलर देऊन करून घ्यावं लागलं. हे परत कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

चर्च मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ) आहे, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही आणि त्या वेळी आसपासची कितीतरी चर्चेस हेच काम करत होती.

ज्यांना हार्वे आठवत नाही किंवा तेव्हा इकडे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ ऑगस्ट २०१७ ला रात्री हार्वे रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर आलं, कॅटेगरी ४. त्याच दिवशी गणेशचतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, सासू-सासरे सांगलीहून आलेले, घरात मखर वगैरे छान केलेलं, शनिवारी पावसातच अंगणात बादलीत विसर्जन केलं आणि त्या रात्रीपासून जो पाऊस लागला तो थांबेचना. वादळ पुढे सरकायला तयार नव्हतं. टेक्ससमधल्या नेदरलँडला एकूण ६०.५८ इंच पाऊस पडला, म्हणजे दीड मीटरच्या वर, अमेरिकेत एका वादळातून पडलेला तोपर्यंतचा सगळ्यात जास्त. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, १९४० च्या दशकात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने डाऊनटाऊन वाचवायला बांधलेली. एरवी ती कोरडी असतात, आत पार्क आहेत, सॉकरची मैदानं आहेत, त्यामुळे इथे धरण आहे हे लक्षातही येत नाही. पुढे मागच्या बाजूला, धरणाच्या पोटात येणाऱ्या जमिनीवर कॉलन्या होत गेल्या, आणि आमचं घर त्यातलंच. बार्करचं पाणी मागे चढत गेलं आणि आमच्या गल्लीत शिरलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये फेडरल कोर्टाने त्या वरच्या बाजूच्या घरांसाठी सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला, पण तो फार पुढचा विषय. तेव्हा एवढंच कळत होतं की घरात मांडीएवढं पाणी आहे, आम्ही बोटीतून बाहेर पडलोय आणि फ्लड इन्शुरन्स नाही, कारण घर शंभर वर्षांच्या पूररेषेत दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे बँकेने कधी मागितलाच नाही. साधा होम इन्शुरन्स पुराचं काही देत नाही हे प्लीज सगळ्यांनी लक्षात ठेवा, आणि फ्लड पॉलिसी आज घेतली तर सहसा ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

आता सर्व्हिस.

पाणी उतरल्यावर समोरच्या मेक्सिकन काकू म्हणाल्या, चर्चमध्ये टेबल मांडलंय, नाव देऊन ये. गेले. हॉलच्या दारातच फोल्डिंग टेबलं, त्यावर फॉर्म, आणि दोन आज्या बसलेल्या. फॉर्म एका पानाचा. पाणी किती चढलं, किती वेळ होतं, घर स्वतःचं की भाड्याचं, वीज चालू आहे का, घरात म्हातारं-आजारी-लहान कोण आहे, आणि खाली आत येऊन काम करायला परवानगी दिल्याची सही. धर्माचा रकाना नाही, मेंबर आहात का हा प्रश्न नाही. मी आपणहून म्हटलं की आम्ही हिंदू आहोत, तर त्या आजी म्हणाल्या बरं, आणि पुढचा प्रश्न विचारला, घरात कुणाला रोज लागणारं औषध आहे का. सासऱ्यांचं इन्सुलिन फ्रिजबरोबर गेलं होतं. त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात लाल खूण केली, एका नर्सबाईंना हाक मारली आणि आधी इन्सुलिनचं काय ते बघितलं, घराचं नंतर. त्या लाल खुणेमुळे आमचा नंबर यादीत वर गेला हे मला मागाहून कळलं. आधी येईल त्याला आधी असं ते करतच नव्हते, एकटे म्हातारे आणि आजारी असलेली घरं पहिली, आणि हे मला शंभर टक्के पटलं, जरी त्यामुळे माझ्या मैत्रिणीला थांबावं लागलं तरी.

घरी आलेली टीम इथली नव्हतीच. ओक्लाहोमातल्या वेगवेगळ्या चर्चमधले रिटायर्ड लोक, रात्री इथल्या चर्चच्या संडे स्कूलच्या खोल्यांत कॉटवर झोपायचे, स्वतःची हत्यारं स्वतःच्या ट्रेलरमध्ये, आमच्याकडे साधी एक्स्टेन्शन कॉर्डसुद्धा मागितली नाही. मेथडिस्ट लोकांची अमकोर नावाची मदत संस्था आहे, १९४० ची, आणि हे लोक तिच्याकडून ट्रेनिंग घेतलेले, गळ्यात बॅज, बॅकग्राउंड चेक झालेला. यांना अर्ली रिस्पॉन्स टीम म्हणतात. यांचं काम ठरलेलं असतं: चिखल काढणं, कुजलेलं सामान आणि भिंती काढणं, छपरावर ताडपत्री टाकणं. परत बांधून देणं हे त्यांचं काम नाही, आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट सांगतात. हे मला फार आवडलं. त्या दिवसांत जो तो येऊन काहीही कबूल करत होता, कॉन्ट्रॅक्टर तर दारात कार्ड टाकून जायचे.

टीम लीडर एक साठी ओलांडलेली बाई, पूर्वी शाळेत शिकवायची. तिची कामाची पद्धत सविस्तर लिहिते कारण तुम्हाला स्वतःला करायची वेळ आली तरी उपयोगी पडेल. आल्या आल्या तिने मेन ब्रेकर बंद आहे ना ते स्वतः पाहिलं. मग मला म्हणाली एक तुकडाही बाहेर जायच्या आधी प्रत्येक खोलीचे चार भिंतींचे फोटो काढ, पाण्याची रेघ दिसेल असे, आणि फ्रिज-वॉशर यांच्या सिरीयल नंबरचे वेगळे. कार्पेटचा, पॅडचा, लाकडी फ्लोअरिंगचा हातभर तुकडा कापून पिशवीत घालून दिला, वर मार्करने खोलीचं नाव, पुढे कुणी इन्स्पेक्टर विचारेल तेव्हा दाखवायला. मग खडूच्या दोरीने सगळ्या भिंतींवर जमिनीपासून बरोबर चार फुटांवर रेघ मारली. आमच्याकडे पाणी तेवढं चढलं नव्हतं म्हणून नवरा म्हणाला, एवढं कशाला कापता, तर म्हणाली शीटरॉकचा (भिंतीला ठोकायच्या जिप्सम बोर्डाचा) पत्रा चार फूट रुंद येतो, चारवर कापलं की नवीन अख्खा पत्रा आडवा बसतो, तीनवर कापलंस तर प्रत्येक पत्रा कापत बसशील आणि मजुरी वाढेल. शिवाय ओल वर चढते, ती रेघेच्या वर गेलेलीच असते. भिंतीआतलं इन्सुलेशन म्हणजे ओला कापूस, ते हाताने ओढून काढलं. आणि शेवटी, मला वाटतं हे कुठल्याही पैसे घेणाऱ्या माणसाने केलं नसतं, लाकडी खांबांतला एकेक उरलेला खिळा आणि स्क्रू बसून काढला. दोन आजोबा दिवसभर फक्त तेच करत होते, गुडघ्याला पॅड लावून, पक्कड घेऊन. त्या सप्टेंबरच्या उकाड्यात, वीज नाही, पंखा नाही, तोंडाला मास्क.

बाहेर कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, ढीग लावायचीही पद्धत. फ्रिज-वॉशर वेगळे, टीव्ही-कॉम्प्युटर वेगळे, रंग-फिनाईल-बॅटऱ्या वेगळ्या, शीटरॉक-लाकूड वेगळं, कारण सरसकट एक ढीग केला तर उचलणारा ट्रक तो सोडून जातो. आमच्या गल्लीत असे सोडलेले ढीग कितीतरी दिवस पडून होते आणि वास सुटला होता.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी मी खरं म्हणजे स्टार देतेय. यांचा एक नियम होता, घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय काहीच बाहेर न्यायचं नाही. ठेवायच्या वस्तूवर निळी टेप. फॅमिली रूममध्ये मखर होतं, थर्माकोलचं नाही, सासऱ्यांनी पुठ्ठा आणि बांबूच्या काड्यांचं केलेलं, ते भिजून लगदा झालेलं, झिरमिळ्या चिखलात. बाहेरच्या कुणालाही तो शुद्ध कचराच वाटेल. एक तरुण मुलगा फावड्याने ते उचलणार, तेवढ्यात लीडरबाईने त्याला थांबवलं, खाली वाकून पाहिलं, पाटावरचं लाल कापड आणि सुपारी दिसली तिला. माझ्या सासूबाईंकडे येऊन विचारलं, मॅम, ही तुमची पूजेची जागा आहे का, याला आम्ही हात लावला तर चालेल का, आणि याचं काय करतात तुमच्याकडे. सासूबाईंना इंग्लिश जेमतेम समजतं पण हे समजलं. त्या मला म्हणाल्या, अगं बाईला सांग देव विसर्जन झालेत, आता हे निर्माल्य आहे, पण कचऱ्यात नको. मी सांगितलं. तिने सगळ्यांना हातमोजे बदलायला लावले, पाट, समई, ताम्हण वेगळं काढलं, मखराचा लगदा एका स्वच्छ पिशवीत भरून मागच्या अंगणात झाडाखाली ठेवून दिला, आम्ही नंतर तो तिथेच मातीत पुरला. समई आणि ताम्हण नळाखाली चिखल जाईपर्यंत तिने स्वतः घासून सासूबाईंच्या हातात दिलं. त्या घर सोडल्यापासून एकदाही रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या.

प्रार्थनेबद्दल विचारणार तुम्ही, म्हणून सांगते. काम संपल्यावर एकदा विचारलं, आम्ही जाताना घरासाठी प्रार्थना करतो, तुम्हाला चालेल का, नको असेल तर अजिबात हरकत नाही, आम्ही गाडीत बसून करू. सासरे म्हणाले करू द्या की. सगळे ड्राईव्हवेत गोल उभे राहिले, मिनिटभरात झालं, सासऱ्यांनी आपले हात जोडले. पुस्तक नाही, पत्रक नाही, रविवारी या असंही नाही. आता सगळीच चर्चेस अशी असतील असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी बायबल हातात देतात असं ऐकलंय, पण तेही नम्रपणे नको म्हणता येतं. आणि हे एकट्या ख्रिश्चनांचंही नव्हतं, त्याच आठवड्यांत ह्यूस्टनच्या मशिदींनी शेल्टर उघडली होती, आपल्या सेवा इंटरनॅशनलची पोरं बोटी घेऊन फिरत होती.

जाताना एक बादली दिली. पाच गॅलनची, झाकणवाली, आणि आत चिखल-सफाईचं सगळं: लिक्विड डिटर्जंट, भांड्यांचा साबण, घासायचा ब्रश, स्पंज, घासण्या, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, जाड कचऱ्याच्या पिशव्या, मास्क, हातमोजे दोन प्रकारचे, डास पळवायचं औषध. अशा बादल्या देशभरातल्या मेथडिस्ट मंडळींनी आपापल्या गावात भरायच्या आणि गोदामात पाठवायच्या, लुइझियानातल्या बाल्डविन गावात तेव्हा त्यांचं मोठं गोदाम होतं. प्रत्येक बादली सारखीच असते, त्यामुळे उघडून बघावं लागत नाही, ट्रकमधून उतरवली की सरळ हातात. ती दोरी आणि चिमटे मला पहिल्यांदा फालतू वाटले, पण वीज नसताना आणि ड्रायर कर्बवर असताना सगळ्यात जास्त तेच वापरले गेले.

जेवण. चर्चच्या पार्किंगमध्ये किचन होतं, दुपारी आणि संध्याकाळी डबे, कुणीही घ्या. चिकन-भात, बीन्स, ब्रेड. बीन्समध्ये मांस असायचं. सासूबाई खात नाहीत म्हटल्यावर सुरुवातीला नुसता भात आणि केळं मिळालं, पण तिथल्या एका आजोबांनी ते लिहून घेतलं आणि मग बीन्सचं एक छोटं पातेलं वेगळं ठेवायला लागले, बिनमांसाचं, वर चिठ्ठी. त्याचा फायदा आमच्याबरोबर आसपासच्या चार गुजराती घरांनाही झाला. चवीला फिकं, मिरची नाही, पण गरम असायचं. मार्क पूर्ण.

आता अर्धा स्टार. पहिलं म्हणजे फोन. टेबलवर गेलात तर सगळं सुरळीत, पण फोन केला तर व्हॉइसमेल भरलेला. ज्यांची गाडी पाण्यात गेली, जे चालू शकत नाहीत, त्यांनी काय करायचं? नेमकी ज्यांना सगळ्यात जास्त गरज तीच माणसं टेबलपर्यंत पोचू शकत नव्हती. नंतर क्रायसिस क्लीनअप नावाच्या कॉमन सिस्टीमवर नावं चढवायला लागले, त्यात कुठल्याही संस्थेला केस दिसते आणि जिच्याकडे माणसं मोकळी ती उचलते, मग जरा सुधारलं. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं.

दुसरं, आणि हे मला जास्त खुपतं, भाडेकरू. काम करायला घरमालकाची सही लागते. अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी कुटुंबं, बरीचशी स्पॅनिश बोलणारी, त्यांचं सामान गेलं, गाडी गेली, पण त्यांच्यासाठी टीम जाऊ शकत नव्हती कारण मॅनेजमेंट फोनच उचलत नव्हतं. काहींना कागदांची भीती, फॉर्मवर नाव लिहायलाच तयार नाहीत. सुरुवातीला टेबलवर स्पॅनिश बोलणारं कुणी नव्हतं, समोरच्या काकूच जाऊन बसायच्या. चर्चने नंतर त्यांना गिफ्ट कार्ड आणि गाद्या दिल्या हे खरं, पण घरमालकांना जसं नीट एकेक पायरीने सांभाळलं तसं भाडेकरूंना नाही.

तिसरं म्हणजे कपडे. जिममध्ये कपड्यांचे डोंगर. सप्टेंबरमधल्या ह्यूस्टनला कुणीतरी लोकरीचे कोट पाठवलेले, एक-एक बूट, फाटक्या जीन्स, आणि चांगले धडधाकट स्वयंसेवक दिवसच्या दिवस ते निवडत बसलेले, जे तेवढ्या वेळात कुणाची तरी भिंत काढू शकले असते. दोष पाठवणाऱ्यांचा, पण चर्चने पहिल्याच दिवशी नको म्हणायला हवं होतं. बोर्ड लागला तोवर उशीर झाला होता. २०१९ ला सांगलीत कृष्णेचा पूर आला तेव्हा सासऱ्यांनी फोनवर हेच सांगितलं, जुन्या कपड्यांची गाठोडी रस्त्याकडेला भिजत पडलीयेत. माणूस सगळीकडे सारखाच वागतो बहुतेक, कपाट रिकामं करायची संधी साधतो.

पुढचं काम म्हणजे घर परत उभं करणं, त्यात हे चर्च एकटं नव्हतं. बऱ्याच संस्था मिळून एक लाँग टर्म रिकव्हरी ग्रुप बनतो, प्रत्येक कुटुंबाला एक केस मॅनेजर, आधी फिमाचं (सरकारच्या आपत्ती मदत खात्याचं) किती मिळालं, लोन किती, घरचं किती, हे मांडायचं आणि जो खड्डा उरतो तो कोण भरणार ते टेबलवर ठरवायचं. फिमाची त्या वेळची जास्तीत जास्त मर्यादा ३३,३०० डॉलर होती आणि बहुतेकांना त्याच्या जवळपासही मिळत नाही. यातही आम्ही मागे होतो कारण आमच्या दोघांच्या नोकऱ्या चालू होत्या, आणि ते बरोबरच आहे. आम्हाला सामान आणि सल्ला मिळाला, काम कॉन्ट्रॅक्टरकडून केलं. पण केस मॅनेजरने एक गोष्ट ठासून सांगितली होती, मॉइश्चर मीटर लावून लाकूड साधारण १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत नवीन शीटरॉक ठोकू नका, कितीही घाई झाली तरी. शेजारच्यांनी ठोकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत उखडलं. चर्चने मीटर उसना दिला होता, आम्ही गल्लीत फिरवला. केस मॅनेजर वर्षभरानंतरही फोन करत होती. टीव्हीवाले तर केव्हाच निघून गेले होते.

अजून एक, टीमचे लोक रोज किती तास काम केलं ते वहीत लिहून सही करायचे. मला वाटलं त्यांच्या रेकॉर्डसाठी असेल. तर लीडरबाईने सांगितलं की स्वयंसेवकांचे तास पैशात मोजून काउंटीला (इथल्या जिल्हा प्रशासनाला) सरकारी मदतीतल्या स्वतःच्या वाट्यात धरता येतात, म्हणजे त्या आजोबांनी खिळे काढले त्याचा हिशोब काउंटीच्या कामी आला. तुम्ही कुठे मदतीला गेलात तर ती सही करायला विसरू नका.

पैसे द्यायचे असतील तर अमकोरला दिलेत तर चालतील, त्यांचा ऑफिसखर्च वेगळ्या निधीतून जातो, ज्या वादळासाठी दिले ते पूर्ण तिकडेच जातात. वस्तूच द्यायच्या असतील तर बादली भरा. आम्ही काही मराठी घरं मिळून हेलीन वादळाच्या वेळी, २०२४ ला, नॉर्थ कॅरोलिनासाठी भरल्या. यादी त्यांची आहे तशीच पाळा, आपल्या मनाने बिस्किटं, लोणची, टॉवेल घालू नका, सगळं नवीन हवं, लिक्विडच्या बाटल्या सीलबंद हव्यात, झाकण घट्ट बसलं पाहिजे. आणि मदत लागणार असेल तर टेक्ससमध्ये २११ हा हेल्पलाइन नंबर लावा, जवळचं टेबल कुठे मांडलंय ते सांगतात, फोन लागला नाही तर सरळ चालत जा किंवा कुणाला तरी पाठवा, आणि फॉर्मवर घरातल्या औषधांबद्दल नक्की लिहा.